न हसणारा नायक

पांढऱ्याशुभ्र संगमरवराच्या दोन कड्यांमधून नर्मदेचं संथ, काळसर पाणी वाहतं, आणि त्यातून वर येणारा गारवा नावेत बसलेल्याच्या तळपायांना आधी लागतो, मग हळूहळू अंगभर चढतो. भेडाघाटची ही थंडी मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण यंदाच्या जानेवारीत त्या नावेत माझ्या अंगावर जो काटा आला तो पाण्यामुळे नव्हता. अजून मी त्या धक्क्यातून सावरलेले नाही, म्हणून तुला सांगते आहे.

तरुणपणी मी एका पुरुषाच्या प्रेमात होते, आणि तो पुरुष कागदाचा होता. राज्यांची फेररचना झाली, नागपूर पलीकडे गेलं, आम्ही जबलपूरची मराठी माणसं अलीकडे राहिलो. इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयात नागपूरहून पुस्तकांची पेटी येई, तेवढाच माहेरचा वारा. त्या पेटीतल्या गूढ, भयाण कादंबऱ्यांचा नायक ठरलेला असे. ओसाड टेकडीवरची हवेली, वरच्या मजल्यावर एक कुलूपबंद खोली, आणि या साऱ्याचा तो उदास, तुसडा, देखणा धनी! तो कधी हसत नसे. नायिकेवर तो खेकसला की आम्ही वाचणाऱ्या मुली विरघळून जात असू. का बरं? त्याच्या मौनामागे अथांग दुःख असणार आणि त्या खोलीची किल्ली आपल्याच हाती लागणार, या कल्पनेत केवढा मान होता! लेखक मंडळीही शेवटच्या प्रकरणात ते कुलूप न चुकता उघडून देत.

राइट टाउनमधल्या आमच्या घरात मराठी पुस्तकं वाचणारी मी एकटीच. माझ्या धाकट्या बहिणीला, सुमनला, मराठी समजे, पण वाचायचा तिला कंटाळा. दिवसभर हिंदीत बडबड आणि खिदळणं. एवढी पुस्तकं वाचते म्हणजे माणसंही हीच ओळखणार, असा घरातल्या सगळ्यांचा भाबडा समज होता. त्यामुळे सुमनसाठी नागपूरचं स्थळ आलं तेव्हा मुलगा पारखण्याचं काम माझ्याकडे आलं. पाहुण्यांना आम्ही रिवाजाप्रमाणे भेडाघाटला नेलं. तिथले नावाडी कड्यांच्या आकारांवर यमकं जुळवून रचलेल्या तुकबंद्या ऐकवतात. आमचा नावाडी वल्हं थांबवून त्या मुलाला म्हणाला, "दाएँ देखो हाथी, बाएँ देखो घोड़ा, भैयाजी, अब तो मुस्कुरा दो थोड़ा!" सगळी नाव हसली. सुमन तर पोट धरून हसली. तो मात्र काळ्या पाण्याकडे पाहत राहिला, आणि माझं काळीज लक्कन हललं. हाच तो!

संध्याकाळी सुमन माझ्याजवळ येऊन बसली. "ताई, ते नावेतून उतरताना मला म्हणाले, एवढं हसत नको जाऊ. काहून असं म्हणून राहिले असतील?" तिच्या आवाजात भीती होती. मला ती ऐकू आली होती, हे मी आज कबूल करते. आणि मी म्हटलं, "पगली, आतून दुखावलेला माणूस आहे तो. तूच हसवशील त्याले." बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, लग्न ठरलं.

सत्तावीस वर्षं सुमन पत्रांत खुशाली लिहीत राहिली, आणि मला ती पत्रं पुरली. गेल्या वर्षी तिचे यजमान वारले. यंदा ती पहिल्यांदाच एकटी माझ्याकडे राहायला आली, तेव्हा मीच हौसेने तिला भेडाघाटला नेलं. नावाडी नवा होता, तुकबंदी जुनीच. हाथी-घोडा ऐकताच सुमनला हसू आलं, आणि अरे देवा! तिने झटकन तोंडावर पदर दाबला आणि मान वळवून मागे पाहिलं. मागे कोण होतं? रिकामी फळी होती! जो माणूस या जगात उरला नाही, त्याला घाबरून माझी बहीण हसू गिळत होती.

"सुमे, मारायचे का गं?" माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

"नाही वो ताई, कधीच नाही. बोलायचेच नाही. पंधरा-पंधरा दिवस. मी वाट पाहून राहिली होती, तू म्हणालीस तसं आत काही तरी असेल. आत काहीच नव्हतं." हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं की मला माझीच शिसारी आली. त्या कादंबऱ्यांतल्या बायका कुलूप उघडेपर्यंत कशा जगत असतील, हा प्रश्न शेकडो पानं वाचून मला एकदाही पडला नव्हता. बंद खोलीत त्याचं दुःख असेल असं मी मानलं, आणि आत कोंडली गेली ती सुमन! मला काय हक्क होता?

नाव कड्याच्या सावलीत शिरली. तळपायांना गारवा लागला. तेवढ्यात नावाडी वल्हं थांबवून थेट माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाला, "अब तो मुस्कुरा दो थोड़ा, दीदी!" सुमनला ते ऐकून हसू फुटलं. पदर हातातून सुटला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली, आणि या वेळी तिने मागे पाहिलं नाही. मला मात्र हसता येईना. मी काळ्या पाण्याकडे पाहत बसले होते.