अण्णांचं घट्ट तेल

"ऐकलंत?" वैशाली साठे म्हणाली.

ऐकलं होतं. डिसेंबरातली सकाळ, आमचं हडपसरचं वर्कशॉप, आणि किल्ली फिरवताच टकटक करत सुरू झालेली तिची छोटी निळी गाडी. स्टीलच्या डब्यावर कुणी चमचा वाजवत बसावं तसा आवाज. इंजिन जरा गरम झालं आणि आवाज गेला. म्हणूनच तिला गाडी आदल्या संध्याकाळी आमच्याकडे ठेवून जायला सांगितलं होतं. नारायण पेठेतून चालवत आणली की आमच्या दारात येईपर्यंत ती शहाण्यासारखी गप्प व्हायची.

मी तिथे सर्व्हिस ॲडव्हायझर होते. म्हणजे गिऱ्हाइकाची तक्रार मेकॅनिकच्या भाषेत सांगायची आणि मेकॅनिकचा निकाल गिऱ्हाइकाच्या भाषेत. मी मेकॅनिकल इंजिनिअर, तरी काउंटरवर येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न "साहेब कुठे आहेत?" हाच. "साहेब समोर बसल्यात" असं उत्तर द्यायला मी लवकरच शिकले.

तेव्हा नव्या कंपन्यांच्या गाड्या नुकत्याच रस्त्यावर दिसायला लागल्या होत्या. कॉम्प्युटर कंपन्यांत लागलेल्या मुली कर्ज काढून गाडी घेत आणि मग चालवायला कोण शिकवेल ते शोधत बसत. वैशालीने हे हेरलं. बँकेतली नोकरी सोडून तिने फक्त बायकांसाठी ड्रायव्हिंग क्लास काढला. क्लासची गाडी एकच, ही निळी.

आमचे वर्क्स मॅनेजर देवधर साहेब आवाज ऐकून म्हणाले, "इंजिन खाली घ्या. कंपनीचा माणूस येऊन बघेल."

"कधी येईल?" वैशालीने विचारलं.

"येईल तेव्हा येईल."

"आणि तोवर मी मुलींना खुर्चीवर बसवून गिअर शिकवू?"

"तो तुमचा प्रश्न."

कंपनीचा माणूस म्हणजे महिन्याची निश्चिंती. क्लास सुरू होऊन जेमतेम चार-सहा महिने झाले होते. तो महिनाभर बंद राहिला तर मुली दुसरीकडे जाणार आणि परत येणार नाहीत, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

मी डिपस्टिक ओढली. इंजिनात तेल किती आहे ते बघायची ही पट्टी. टोकाला तेलाचा थेंब जमला आणि तिथेच लोंबत राहिला. पडेचना. आम्ही भरतो ते तेल इतकं रेंगाळत नाही.

"तेल कुणी बदललंय का?"

"नाही हो. सर्व्हिसिंग तुमच्याकडेच असतं," वैशाली म्हणाली.

"मी बदललंय," मागून आवाज आला.

ते तिचे सासरे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. खडकीला लष्कराच्या ट्रकांची इंजिनं बांधण्यात त्यांची उभी हयात गेली होती. सून नोकरी सोडून क्लास काढते म्हटल्यावर घरातल्या सगळ्यांनी नाकं मुरडली. "तू शिकव, गाडीचं मी बघतो," असं म्हणणारा हा एकच माणूस. हे वैशालीनेच मला आदल्या दिवशी कौतुकाने सांगितलं होतं.

"अहो बाई, तुमच्या लोकांनी तेल कुठे, पाणी भरलं होतं," अण्णा म्हणाले. अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळून त्यांनी दाखवलं. "असं करून पाहिलं. काही लागेचना हाताला. काढलं सगळं, आणि चांगलं घट्ट तेल भरलं. इंजिनाला अंगावर काहीतरी नको?"

ही बोटांची परीक्षा जुन्या माणसांची. तेल बोटांत धरून चोळायचं, दाट लागलं तर उत्तम, निसटलं तर भेसळ. जुन्या गाड्यांच्या बाबतीत ती बऱ्यापैकी खरीही होती. गडबड अशी की बोटांना फक्त दाटपणा कळतो, आणि तेलाची गोष्ट दोन आकड्यांत असते.

डब्यावर 10W-30 किंवा 20W-50 असं काहीतरी छापलेलं असतं. W म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते तेल थंडीत भरभर वाहतं. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर तेल किती दाट राहतं ते सांगतो. या गाडीला 10W-30 लागायचं. अण्णांनी 20W-50 भरलं होतं. या इंजिनात व्हॉल्व्ह ढकलणारे टॅपेट नावाचे छोटे खुंटे असतात. ते तेलाच्या दाबावर फुगतात आणि मधली फट आपली आपण भरून काढतात. सकाळच्या गारठ्यात घट्ट तेल वर पोचायला उशीर करतं, तोवर फट तशीच राहते आणि टकटक ऐकू येते.

हे मी सांगितलं. त्यातलं देवधर साहेबांनी सोयीचं तेवढं उचललं.

"चुकीचं तेल. म्हणजे वॉरंटीही गेली. लिहून टाका, केतकर," ते मला म्हणाले.

वैशाली सासऱ्यांकडे बघेना. अण्णांनी चोळलेली बोटं हळूच रुमालाला पुसली. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं आणि साहेबांचा संताप आला. सुनेच्या गाडीची काळजी घेतली, एवढाच काय तो गुन्हा.

"सर, आधी तेल बदलून बघते. उद्या सकाळी आवाज आला तर खुशाल इंजिन उतरवा."

"उद्या सकाळपर्यंत," साहेब म्हणाले.

तेल बदललं. पण नुसतं बदलून भागणार नव्हतं. अण्णांना पटलं नसतं, तर पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा गल्लीत ट्रे घेऊन गाडीखाली शिरायला कमी केलं नसतं. मी दोन काचेच्या बाटल्या घेतल्या, एकीत त्यांचं तेल, दुसरीत आमचं, आणि कँटीनच्या फ्रिजमध्ये ताकाशेजारी ठेवल्या. कँटीनच्या मावशींनी मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे हजर. मी गार बाटल्या अण्णांच्या हातात दिल्या. "उलट्या करा."

आमचं तेल सरकन झाकणाशी आलं. त्यांचं निघालं, पण सरकारी फायलीच्या वेगाने. अण्णांनी बाटल्या खाली ठेवल्या. मग म्हणाले, "गारठ्याचं कबूल. पण तापल्यावर? तापल्यावर तुमच्या तेलाचं पाणी होणार."

प्रश्न अगदी बरोबर होता. मी त्यांना भंगारात काढलेल्या एका तशाच इंजिनाचे उघडे भाग दाखवले. अण्णांनी चष्मा वर केला, इंजिनाचा दांडा ज्यात फिरतो त्या बेअरिंगवरून अंगठा फिरवला आणि तेलाच्या बारीक भोकावर नख ठेवलं.

"फट ठेवलीच नाहीये की हो," ते म्हणाले. "आमच्या ट्रकांना ही एवढी असायची. ती भरायला घट्ट तेल. इथे तापलेलं पातळही पुरेल, घट्ट शिरणार कुठून?"

मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

मग वैशालीने किल्ली फिरवली. टकटक. कालच्यापेक्षा कमी, पण होती.

"झालं?" देवधर साहेब म्हणाले. "उतरवा."

वैशालीने हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले.

"थांबा," अण्णा म्हणाले. "साहेब, तुम्ही तेल बदललंत, पण आतल्या बारीक वाटांत माझंच बसलंय अजून. आवाज कमी झाला ना? मग रोग हाच आहे. गाडी चांगली तापवा, तापलेली असतानाच तेल काढा आणि पुन्हा भरा. इंजिन उघडायला काय, कधीही उघडता येतं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बरोबर बोलतायत ते."

"तुम्ही दोघं मिळून मला वेड लावणार. उद्या शेवटचं."

वैशालीने गाडी सोलापूर रस्त्याला लांबवर पळवून आणली. शेजारी अण्णा, मागे मी. परत आल्या आल्या तेल काढलं, फिल्टरही बदलला, नवं भरलं. अण्णा गाडीखाली वाकून धार बघत होते, पण हात मागे बांधलेले.

तिसऱ्या सकाळी चांगलाच गारठा होता. वैशालीने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि आवाज म्हणून काही आलाच नाही. तिने मला विचारलं, "चालू आहे ना?" मी हसले आणि मग डोळ्यांत पाणी आलं, ते मी थंडीवर ढकललं. देवधर साहेबांनी बॉनेटला कान लावला, घड्याळात पाहिलं आणि म्हणाले, "जागा रिकामी करा, पुढची गाडी उभी आहे." जाता जाता वॉरंटीचं काही लिहू नका, असंही हळूच सांगून गेले. दुपारच्या बॅचला मुली वेळेवर गाडीत बसल्या.

काही दिवसांनी अण्णा एकटेच आले, स्वतःची जुनी, पोट सुटलेली गाडी घेऊन. वैशालीहून वयाने मोठी असेल ती. काउंटरवर दुसरे ॲडव्हायझर मोकळे होते. त्यांना ओलांडून अण्णा माझ्यासमोर बसले.

"हिचंही तेल बदला. तुमचं ते नवं, पातळ भरा."

"नाही भरणार," मी म्हटलं. "हिच्या इंजिनात फटी मोठ्या आहेत. हिला तुमचं घट्टच बरं."

अण्णा पिशवीकडे वाकले. मग त्यांनी पिशवीतून 20W-50 चा सीलबंद डबा काढून टेबलावर ठेवला. तो घरून आणलेलाच होता.

"बघत होतो," ते म्हणाले, "तुला इंजिन कळतं, की नुसतं नवं तेल."

पुढे क्लासला दुसरी गाडी आली, मग तिसरी. प्रत्येक गाडीबरोबर अण्णा यायचे, आणि तेल भरण्याआधी एकच गोष्ट करायचे. बोटं चोळायचे नाहीत. चष्मा वर करून गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक उघडायचे आणि तेलाचा आकडा मोठ्याने वाचायचे. मी लोकांना आजही एवढंच सांगते. चांगलं तेल कोणतं, हे विचारण्याआधी गाडी कोणती ते सांगा.