पिवळ्या झाडांची खुन्नस

आमच्या बैठकीच्या खोलीत एका रशियन निसर्गचित्राची प्रत फ्रेम करून लावली आहे. शरदात पिवळीजर्द झालेली बर्चची झाडं आणि त्यांच्यामधून वाहणारं काळं, थंड पाणी. येणारे-जाणारे म्हणतात, "किती उदास वाटतं, नाही?" मला कधीच तसं वाटलेलं नाही. उद्या बर्फ सगळं ओरबाडून नेणार हे माहीत असताना जे झाड अंगावर होतं नव्हतं ते सोनं घालून उभं राहतं, त्याच्या मनात मला खुन्नस दिसते.

हे चित्र मला पहिल्यांदा सहावीत दिसलं. तेव्हा आम्ही वह्यांना रशियन मासिकांच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं घालायचो, आणि माझ्या चित्रकलेच्या वहीवर नेमकं हेच आलं. ते बघून मी पिवळी झाडं काढली. सरांनी वही उंच धरून वर्गाला दाखवली. "झाडांना कावीळ झालीय का गं?" वर्ग खिदळला. मग सगळ्यांसमोर त्यांनी एकेक पान माझ्याच हातून हिरवं करून घेतलं. त्यानंतर मी ब्रश हातात धरला नाही.

काल तेच सर नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. मी त्यांना मुद्दाम चित्रासमोरची खुर्ची दिली. चहा पिता पिता ते म्हणाले, "वा! काय रंग आहेत!" त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. चित्रातल्या पाण्यासारखे ते शांत होते.

"जरा जवळ जाऊन बघा, सर," मी म्हटलं. "एखादं तरी हिरवं पान सापडतंय का, शोधा."