उशाकडचं टोक

खुराड्यात कोंबड्यांना बसायला दांडी हवी होती. आधी बांबू लावला, पण त्या गुळगुळीत गोलावरून कोंबड्या घसरायच्या. लोखंडी पाइप थंडीत पाय गारठवतो. रुंद, कडा झिजलेलं लाकूड पाहिजे, आणि तसं लाकूड घरात होतं. आई ज्या बाजेवर वारली, तिची सुतळी सोडून ती आम्ही गोठ्यात उभी करून ठेवली होती. गेलेल्या माणसाच्या बाजेवर आमच्याकडे कोणी निजत नाही. मी असलं काही मानत नाही. बाजेचं एक लांब लाकूड काढलं आणि खुराड्यात बसवलं.

कोंबड्या पहिल्याच संध्याकाळी चढल्या, पण सगळ्या पायथ्याच्या टोकाला, एकमेकींना रेटत. उशाकडचं टोक आईच्या केसांच्या तेलानं काळं पडलेलं, ते रिकामं. आई उशाशी कोंबडी येऊ द्यायची नाही हे खरं. पण या कोंबड्या तर ती गेल्यानंतर अंड्यातून निघालेल्या. तेलाचा वास येत असेल म्हणून ते टोक राखेनं घासून काढलं. फरक शून्य. शेवटी वैतागून लाकूडच उलटं फिरवून बसवलं. दिवेलागणीला सगळ्या कोंबड्या खुराड्याच्या दुसऱ्या बाजूला, पुन्हा पायथ्याशीच.

बायको तेव्हा उमरखेडला माहेरी होती. लाकूड फिरवल्याचं मी तिला फोनवरही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती एसटीनं आली आणि हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच मला म्हणाली, "आईचं डोकं उत्तरेकडं कायले केलं तुम्ही?"