मेलेल्या शिवकन्येची पेन्शन

विमल माझ्यासंगं धारूरकडच्या एका दूध संघात कामाला होती. कॅन धुवायचं काम. सात वर्षं सोड्याच्या पाण्यात आमच्या हाताची सालटं निघाली. मग दुष्काळ पडला, लोकांनी जनावरांना बाजार दाखवला, दूधच न्हाई तर संघ कशाला? एका सकाळी जाऊन बघतो तर कुलूप.

विमलचा नवरा कधीच वारलेला, लेकरू न्हाई. पन्नाशी ओलांडली अन् तिची कंबर गेली. मजुरीला कोण बोलावतंय? तवा मीच तिला म्हणलं, "अगं, पगारातून फंड कापत होते ना? पेन्शन काढ." आमी फंडाच्या हापिसात गेलो. साहेब म्हणाला, पेन्शनला दहा वर्षं भरावी लागतात, तुमची सातच आहेत.

तवा ही बया हळूच म्हणती, "लग्नाआधी मी दिंद्रुडकडं सूतगिरणीत होते. सहा वर्षं. तिथंबी कापायचे."

बघा आता. इतकी वर्षं संगं राहून मला पत्ता न्हाई. म्हणे, ते पैसे माहेरचे वाटायचे. बाप अंथरुणाला खिळलेला, धाकटा भाऊ भारत शिकत होता, घर हिच्या पगारावर चाललेलं. म्हणून लग्नबी सव्विसाव्या वर्षी झालं. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं, शिवकन्येची विमल झाली. जुनं खातं शिवकन्येच्याच नावानं राहिलं. दोन्ही खाती एक झाली की दहा वर्षं भरत होती. म्हातारपणाची भाकर होती ती, दुसरं काय.

गिरणीचं तर भंगार झालेलं. तरी खेटे घालून घालून आमी ते खातं हुडकलं. साहेबानं कम्प्युटरात बघितलं अन् नाव परत एकदा तपासलं. मग म्हणाला, "बाई, या शिवकन्या मयत आहेत. दुष्काळाच्या साली भावानं मृत्यूचा दाखला देऊन पैसे उचललेत."

विमल माझ्याकडं बघून हसली. तिला वाटलं, काहीतरी चूक झाली.

साहेबानं नीट समजावलं. भावाला इथं आणा, बहीण जिवंत आहे असं त्यानं लिहून द्यावं, नाहीतर त्याच्यावर तक्रार करा. मी म्हणलं, तक्रारच कर त्या मेल्यावर. ती ऐकंना. "भारत येईल गं. माझ्या हातानं भरवलाय त्याला."

आमी दोघी दिंद्रुडला तिच्या माहेरी गेलो. तिचा नवरा वारल्यापासून भारतनं तिला घरी बोलावलं नव्हतं. आमाला बघून त्याचं तोंड उतरलं. "अक्का, जमिनीत तुझा हिस्सा निघू नये म्हणून तो दाखला काढलता," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मग तोच फंडालाबी चालला. आता खरं बोललो तर मला आत टाकतील. घरात लग्नाची पोरगी हाय."

तेवढ्यात ती पोरगीच पाण्याचा तांब्या घेऊन आली. "पप्पा, ह्या कोण?"

भारतनं मान खाली घातली. "धारूरच्या हायत. दूध संघातल्या."

विमलनं पोरीच्या हातातनं घेतलेला तांब्या तसाच खाली ठेवला. माझं टाळकं असं सरकलं, पर मी तिचा हात धरून उठले.

एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. माझ्याकडं वळून म्हणाली, "तुळजे, पैसे खाल्ले ते मी कवाच माफ केलतं. तक्रार लिहून घे उद्या."

भारतला महिनाभर आत ठेवलं, मग जामीन झाला. पोरीची जमलेली सोयरीक मोडली. भावकीतली माणसं धारूरला येऊन विमलला दारात शिव्या देऊन गेली, सख्ख्या भावाच्या मुळावर उठली म्हणून. त्यानं बहिणीला जितेपणी मारलं तवा ह्यांची दातखीळ बसली होती का? मी त्यांना तसंच बोलले.

वर्षभरानं पेन्शन सुरू झाली. पहिले पैसे उचलून विमल माझ्या ओट्यावर येऊन बसली. मी म्हणलं, "झालं ना मनासारखं?"

तिनं नोटा पदराच्या गाठीत बांधल्या. "मला अक्का म्हणणारा तेवढा एकच होता गं," ती म्हणाली, अन् तिथंच रडत बसली.