सातव्या मजल्यावरचं विहिरीतलं कासव

नानासाहेबांचं मोशीतलं शेत आमच्या सोसायटीखाली आहे. खरोखरच खाली. पार्किंगच्या जागी त्यांचा कांदा असायचा आणि क्लबहाउसच्या जागी विहीर. क्लबहाउसमध्ये कुणी वाढदिवसाची गाणी लावली की नाना सातव्या मजल्यावरून पुटपुटतात, "नाचा, नाचा. खाली चाळीस फूट पाणी हाय." पाणी कसलं! बिल्डरने मुरूम टाकून विहीर कधीच बुजवली. हे नानांनाही ठाऊक आहे, पण त्यांना त्याची आठवण करून द्यायची माझी छाती नाही.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि नानांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो. मूळचा कोकणातला असल्यामुळे या मजल्यावर विहीर कळणारा माणूस मी एकटाच, असा त्यांचा समज आहे. म्हणूनच त्यांनी मला गॅलरीत नेऊन कासव दाखवलं. निळ्या प्लास्टिकच्या टबात ताटलीएवढं, शेवाळी रंगाचं कासव. मी वाकलो तशी त्याने मान आत ओढून घेतली.

"लाजती," नाना म्हणाले. माझ्यासाठी ते 'ते' होतं, नानांसाठी 'ती'.

या भागात नव्या विहिरीला पाणी लागलं की त्यात कासव सोडायची रीत होती. कासव पाणी निर्मळ ठेवतं म्हणायचे. नानांच्या विहिरीतलं कासव त्यांच्या बायकोने, सोजराबाईंनी, भीमेकाठच्या माहेराहून पितळी घागरीत घालून आणलं होतं. पुढे विहीर बुजवायला जेसीबी आला, तेव्हा नानांनी सगळ्यांना थांबवलं, पंप लावून पाणी उपसलं आणि कमरेला दोर बांधून स्वतः खाली उतरले. जमिनीचे चांगले पैसे आले होते, पण त्या दिवशी त्यांनी वर आणलं ते एवढं कासवच. सोजराबाई नव्या फ्लॅटमध्ये जेमतेम वर्षभर जगल्या.

"सोजरा रोज सकाळी हिला भाकरी टाकायला जायाची आन घटकाभर बोलत बसायची," नाना एकदा म्हणाले. "माझ्याशी येवढं कधी बोलली न्हाई. तिच्या मनातलं जे काय व्हतं ते हिला ठाव हाय. मला न्हाई." मग टबात भाकरीचा तुकडा टाकून तेही कासवाशी बोलत बसले. कासव ऐकत होतं की नाही कोण जाणे, पण नानांना तेवढं पुरत होतं.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रज्वलकडे हिरवा इग्वाना आहे, म्हणजे सरड्याचा परदेशी थोरला भाऊ. त्याची सरकारी पोर्टलवर रीतसर नोंद झाली होती आणि सेक्रेटरींनी प्रज्वलचं अभिनंदन केलं होतं. आमच्या सेक्रेटरींना अभिनंदनाची फार हौस. खाली दोनशे अंगठे.

नानांनी तो मेसेज सून साधनाकडून दोनदा वाचून घेतला आणि माझं दार वाजवलं.

"निरंजन, गाडी काढ. हिची नोंद करून घिऊ."

"नाना, इग्वाना परदेशी आहे. आपलं कासव..."

"तेच तर! परक्याची नोंद व्हती, मग गाववाल्याची व्हनार न्हाई व्हय? आन हिच्यावर तर माझी बारा वर्सापरीस जास्त वहिवाट हाय."

जन्मभर तलाठ्याकडे खेटे घातलेला माणूस. एकदा नोंद लागली की कुणाचा बाप हात लावणार नाही, हा त्याचा हिशेब. साधनाने हात जोडले, "नाना, कुणाला माहीत नाही तर कशाला उगाच विषाची परीक्षा?" नाना म्हणाले, "चोरून ठिवायला ती काय चोरीची हाय?"

मग मी गाडी चालवतोय आणि मागे नाना मांडीवर बादली घेऊन बसलेत, अशी आमची वरात निघाली. पोर्टलवर नानांचा भरवसा नव्हता, त्यांना समोरासमोर साहेब हवा होता, आणि वनखात्याचं प्राण्यांसाठीचं केंद्र गावाबाहेर होतं. फाटकावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने बादलीत डोकावून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "देशी हाय बाबा हे. आत गेलं की परत मिळायचं न्हाई. अजून फाटकाच्या भाईर हायसा."

मी गाडी वळवलीसुद्धा. नाना मात्र खाली उतरले. "मी सांगतो त्यांना समजावून," म्हणाले आणि बादली घेऊन आत चालू लागले.

आत स्वरूपा नावाच्या तरुण अधिकारी होत्या. नानांनी विहीर, घागर, वहिवाट सगळं सांगितलं. स्वरूपाबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"बाबा, विहिरीत कासव सोडायची रीत माझ्या आजोळीही होती," त्या म्हणाल्या. "पण हे आपल्या नदी-तळ्यातलं रानचं जनावर. कायद्याने ते घरात ठेवता येत नाही, नोंद करूनही नाही. प्रत्येकाने एकेक नेलं तर नदीत काय उरेल? तुम्ही आपणहून आणलंत. तसं मी लिहीन, तुम्हाला त्रास होऊ देणार नाही. पण परत देता येणार नाही."

स्वरूपाबाईंनी कासव हलकेच उचललं, त्याची पाठ बोटांनी चाचपून पाहिली.

"ऊन मिळतं का?"

"गॅलरीत न्हाई येत. म्होरं दुसरी बिल्डिंग हाय."

"आणि चिखल?"

"चिखल?" नानांना ते जरा लागलंच. "रोज टब घासतो मी, नारळाच्या शेंडीनं. एक कण ऱ्हाऊ देत न्हाई."

"उन्हाळ्यात ही कासवं चिखलात शिरून पडून राहतात, बाबा. तिथेच त्यांना बरं वाटतं."

मागे एक उथळ हौद होता. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ओला गाळ, आणि त्यात अशीच आणखी काही कासवं. नाना म्हणाले, "मीच ठिवतो." त्यांनी कासव गाळाच्या काठावर ठेवलं. बराच वेळ ते दगडासारखं पडून राहिलं. मग मान बाहेर आली, पुढचे पाय हलले आणि बघता बघता त्याने गाळ उकरायला सुरुवात केली. घाईघाईने, जणू बस सुटत होती. पाठ गेली, कडा गेली, शेवटी नुसतं नाकाचं टोक उरलं.

नाना उकिडवे बसून बघत होते. "येवढी वर्सं," ते म्हणाले, "मी धुऊन काढत ऱ्हायलो." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. इतक्या मायेने केलेलं असं चुकावं, याचा मला कुणावर तरी राग काढायचा होता, आणि तिथे राग काढावा असं कुणीच नव्हतं.

येताना नाना रिकामी बादली मांडीवर घेऊन मागे बसले होते. आमच्या मोशीच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

"कायदा बरा हाय रं. जिथलं जनावर तिथं सोडा म्हंतो."

"हो नाना."

"मग माझं बी कुणाला तरी इचार की. मला कुठं सोडनार?"

सिग्नल सुटला होता. मागचे हॉर्न वाजवायला लागले आणि मला गाडी सोसायटीकडे वळवावी लागली.