वडाला टांगलेली वार

फिनेलचा वास आला की मला माझा एक शहाणपणा आठवतो. सत्तरच्या दशकात मी पलटणीतून दोन महिन्यांच्या रजेवर पलूसजवळच्या वस्तीवर आलो होतो, आणि बायकोला माहेरून मिळालेल्या म्हशीनं सातव्या महिन्यात गाभ टाकला. म्हैस व्याली की मागून पडणारी वार, म्हणजे गर्भाभोवतीची झिल्ली, गोणपाटात बांधून वडाला टांगायची, म्हणजे दूध वाढतं, ही आमच्याकडची रीत. मीही ती नुसत्या हातांनी उचलून टांगून आलो. त्याच वडाखाली दुपारी सगळ्यांची जनावरं बसायची. दुसऱ्या दिवशी आलेले जनावरांचे डॉक्टर खवळलेच. “अहो फौजी, त्यात गाभ पाडणारे जंतू असतात! धोतराला कुसळं चिकटावीत तशी त्यांच्या आवरणातली प्रथिनं पेशीला चिकटतात आणि जंतू आत शिरून लपतो.” प्रथिनं फक्त डाळीत असतात, अशी माझी समजूत. मी वार चुना घालून खोल पुरली, पारावर फिनेल ओतलं, तरी जीव थाऱ्यावर येईना. शेजारी राहणाऱ्या चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या, दोन गाभण म्हशी दिवस भरत आलेल्या. मी रोज सकाळी त्यांच्या गोठ्यात डोकवायचो. “काय रं, आमच्या म्हशीत काय बघतुयास?” तात्या विचारायचे. “काय न्हाई, सहज,” म्हणून मी पळायचो. रजा संपता संपता दोन्ही म्हशी सुखरूप व्याल्या. मी बायकोला म्हणालो, “सुटलो बाई! आता तात्यांना काही सांगायला नको.” त्यावर ती जे बोलली, ते आठवून या वयातही माझे कान तापतात. “त्यास्नी म्या डाक्तर आले त्याच दिशी सांगितलंय. तुमी कवा सांगताय, एवढंच ते रोज इचारत हुते.”