दस्त्यावरचं नाव

जवसाच्या तेलाचा डबा उघडला की बंगळुरातल्या बसवनगुडीतलं माझं वर्कशॉप विसरायला होतं आणि समोर माझे वडील, अप्पा दिसतात. मांडीवर आजोबांची पलटणीतली जुनी बोल्ट-ॲक्शन रायफल. तिच्या लाकडी दस्त्यावर ओलं फडकं ठेवून अप्पा गरम इस्त्री टेकवायचे, दबलेलं लाकूड वाफेनं वर यायचं. मग तळहातानं तेल जिरवायचे. पॉलिश पेपर मात्र कधीच लावायचे नाहीत, कारण तिथे आजोबांनी सुरीनं कोरलेलं नाव होतं, त्यांच्याच घामानं काळं पडलेलं.

एका दुपारी अप्पा बाहेर गेलेले असताना माझ्या आतेभावानं, सुधीरअण्णानं, हौसेनं तो दस्ता पॉलिश पेपरनं घासला आणि वर चकचकीत व्हार्निश मारलं.

"बघा मामा, अगदी नव्यासारखा केला!"

नाव गेलं होतं. त्या गुळगुळीत जागेवरून अप्पा अंगठा फिरवत राहिले. "सरी," ठीक आहे, एवढंच कानडीत म्हणाले. रायफल त्यांनी पुन्हा हातात घेतली नाही.

तेव्हा वाटलं, अप्पांनी माफ केलं. आता वाटतं, ते काम त्यांनी माझ्यासाठी ठेवलं होतं.

आज अण्णाच्या वडिलांच्या रायफलचा दस्ता दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर आलाय. त्यावरही नाव कोरलेलं आहे. मघाशीच अण्णाचा फोन आला होता.

"बाबांचं नाव तेवढं सांभाळ गं."

"काळजी करू नकोस अण्णा, अगदी नव्यासारखा करून देते."

तेलाचा डबा बंद केला आणि सगळ्यात खरखरीत पॉलिश पेपर हातात घेतला.